सिरेलची उजवी बाजू

१

क्रिस्ताचा फोन आला त्या दिवशी मी बटाटे लावत होते. मे महिन्याचा दुसरा आठवडा, जमीन नुकती मऊ झालेली. दरवर्षी माझा नवरा वाम्बोला पुढे सरी ओढत जायचा आणि मी मागून मोड आलेले बटाटे टाकत जायचे. या वर्षी दोन्ही कामं माझीच, म्हणून सहाऐवजी तीनच सऱ्या धरल्या होत्या. तीनही पुष्कळ झाल्या.

हात पुसून फोन घेतला.

"मारेत, बोलता येईल ना आत्ता? बसल्या आहात का?"

क्रिस्ता तार्तू शहरात असते. आमच्या जड घोड्यांची वंशवही तिच्या ताब्यात असते. पस्तिशीची, कामाला चोख, आणि वाईट बातमी सांगायची असली की समोरच्याला आधी बसवणारी.

"उभी आहे, मातीत. सांग."

"ऊनोचा वाल्क परत आलाय. फिनलंडला विकलेला तो घोडा. बंदरावरच्या डॉक्टरांनी पान आणि घोडा जुळवून पाहिला. जुळेना."

"काय जुळेना?"

"उजवी बाजू. पानावर मागचा उजवा पाय कोरा आहे. घोड्याचा पाय घोट्यापर्यंत पांढराशुभ्र. नजरचुकीनं सुटावा असा नाही, मारेत."

खांबावरच्या घरट्यात करकोचा चोच वाजवत होता.

"मग मी गेल्या वसंतातली बाकीची पानं काढली. त्या खेपेला तुम्ही दोघांनी चार घोडे नोंदवले होते. मालकांना फोन करून पानासमोर घोडा धरायला सांगितलं. चौघांचीही डावी बाजू बिनचूक. चौघांचीही उजवी चुकलेली."

"सही माझी आहे."

"दोघांची आहे. सांगणारे वाम्बोला, लिहिणाऱ्या तुम्ही." तिनं आवाज खाली आणला. "हे समितीपुढे गेलं तर ते चार पानांवर थांबणार नाहीत. आज आपले दोनशेसुद्धा घोडे उरलेले नाहीत, आणि त्यातल्या दीडशेंच्या पानावर त्यांची सही आहे. सव्वीस वर्षांचं सगळं काम संशयात जाईल. शेकोट्यांच्या सणाला, तेवीस जूनला, वही बंद होते. तोवर चारही पानं नव्यानं आली, तर दुरुस्ती म्हणून लावता येतील. नाही आली, तर ते चार घोडे वहीतून बाहेर. मी कॅमेरा देऊन कुणाला तरी पाठवते. तुम्हाला त्रास नको."

"मी जाते."

"एकट्या?"

"एकटीच आहे की आता."

फोन ठेवला आणि राहिलेली सरी पुरी केली. माती ओढताना शेवटी शेवटी सरी वाकडी झाली. ती तशीच राहू दिली.

२

आमच्या घोड्याचं पान म्हणजे एक छापील कागद. त्यावर घोड्याच्या नुसत्या रेषा असतात: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून डोकं, आणि खाली चार पायांच्या चार चौकटी. आत काही नाही. पांढरं असेल तिथे लाल पेन्सिल, भोवरा असेल तिथे काळी फुली. अंगाचा रंग उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतो, आयाळ कापली जाते; केसांचे भोवरे मात्र घोडा जन्माला येताना घेऊन येतो आणि जाताना घेऊन जातो. कोण कुणाचं, हे भांडण शेवटी भोवऱ्यांवरच मिटतं.

काम दोघांचं. लिहिणारा घोड्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसतो, मांडीवर पाटी. सांगणारा पलीकडे, उजव्या अंगाला उभा. डावी बाजू लिहिणारा स्वतः बघतो, उजवी नुसती ऐकतो. इतर ठिकाणी एकच माणूस वळसा घालून दोन्ही बाजू काढतो म्हणे. आमच्याकडे जुन्या लोकांनी घालून दिलेलं आहे की लिहिणाऱ्यानं वळसा घालू नये; वळसा घालणाऱ्याच्या डोळ्यात डावीकडचं राहतं आणि तो ते उजवीकडे लिहितो. म्हणून मध्ये आठशे किलोचं जनावर, आणि त्याच्या पलीकडून येणारा आवाज.

वाम्बोला कानापासून सुरू करायचा. कान, गाल, मान, खांदा, बरगड्या, पुढचा पाय, मांडी, मागचा पाय. हा क्रम त्यानं कधी मोडला नाही. शेवटचा पाय सांगून झाला की घोड्याच्या मागून माझ्या बाजूला यायचा, माझ्या खांद्यावर हात ठेवून पान बघायचा आणि म्हणायचा, "करा सही, बाई." मी गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, त्यावरून ही थट्टा. सव्वीस वर्षं एकच थट्टा.

गेल्या वसंतात त्याचे डोळे गेलेले होते. रक्तातल्या साखरेनं. त्यानं मला सांगितलं नाही. पलीकडे उभा राहून तो बोटांनी चाचपत सांगत होता. भोवरा बोटाला लागतो. पांढरा रंग लागत नाही.

मला कळलं होतं का, हे क्रिस्तानं विचारलं नाही, तिचा तो स्वभाव नाही. मला कळलं होतं. ऊनोच्या अंगणात तो समोरच्या बादलीला अडखळला आणि बादलीवरच रागावला, तेव्हा कळलं. उठून पलीकडे जाऊन एकदा बघितलं असतं तर काम झालं असतं. पण मी उठलेली त्याला ऐकू आली असती. म्हणून बसून राहिले आणि तो सांगेल ते लिहीत गेले.

नोव्हेंबरमध्ये तो गेला.

३

"ये, बोटीवरून परत आलेल्याला भेट," ऊनो म्हणाला. "चढला आणि उतरला. तेवढ्यानं स्वतःला खलाशी समजायला लागलाय. चारा बदलून मागतो."

ऊनो आमच्याच वयाचा. वाम्बोलाच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. वाल्क परत आला त्याबद्दल त्यानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जड गेलं.

"चूक आमची आहे, ऊनो."

"चूक फिनलंडवाल्याची. घोडा विकत घेतोस की पाय?" त्यानं ट्रॅक्टरकडे बघितलं. "तुला धरायला थांबू का?"

"नको, बांधलाय ना."

तो गेला. मी सवयीनं डावीकडे स्टूल मांडलं. ठरवून आले होते की डावी बाजू झाली की नियम बाजूला ठेवून सरळ पलीकडे जायचं. बघणारी मी, लिहिणारी मी. कुणाच्या डोळ्यात काय राहतं ते बघू.

डावी बाजू झाली. समोरचं डोकं झालं. वाल्क शांत होता. उजवा कान तेवढा त्यानं बाहेर वळवून धरला होता, कुणी बोलत असलं की धरतात तसा. मी उठले, पाटी हातात घेतली, आणि पलीकडे जाण्याआधी सहज कागदाकडे बघितलं.

उजव्या बाजूचं डोकं भरलेलं होतं.

कानाच्या मुळाशी एक फुली. गालावर एक. नाकपुडीच्या कडेला लाल पेन्सिलची बारीक रेघ. बाकी उजवी बाजू कोरी.

पलीकडे जाऊन ताडून पाहिलं. कानाच्या मुळाशी भोवरा होता. गालावर होता. नाकपुडीच्या कडेला, मिशीच्या केसांत, धान्याच्या दाण्याएवढं गुलाबी-पांढरं होतं. जवळ गेल्याशिवाय दिसलंही नसतं.

म्होरकी चढवताना मी त्याच्या तोंडाशी होतेच, तेव्हा दिसलं असणार आणि हातानं लिहून टाकलं असणार. सव्वीस वर्षांचा हात आहे, त्याला विचारून कामं करायची सवय नाही. बाकीची उजवी बाजू मी बघून बघून काढली. मागचा पाय पांढरा होता, क्रिस्ता म्हणाली तसा. लाल पेन्सिल दाबून फिरवली.

निघताना ऊनोनं धुरावलेल्या माशांची पुडी हातात दिली. "दोन आहेत," तो म्हणाला, मग त्याच्या लक्षात आलं. "उद्याला होईल दुसरा."

४

दुसरी घोडी जुन्या सामुदायिक शेताच्या तबेल्यात होती, पांढऱ्या विटांच्या. मालक शहरात राहतो. किल्ली चौकटीच्या वर असते. तबेल्यात चाळीस गव्हाणी आणि त्यांत ही एकच घोडी. वर पाकोळ्यांची ये-जा. कुठेतरी नळ ठिबकत होता.

या वेळी मी काळजी घेतली. तिच्या डाव्या अंगानंच आत शिरले, दावं डावीकडून बांधलं, मान पुढे काढून डोकावलेही नाही. मग बसले.

काम करताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती ध्यानात आल्यावरही मी हात थांबवला नाही. मी मध्ये मध्ये थांबत होते. चार रेघा काढायच्या, पेन्सिल उचलून धरायची, मग पुन्हा लिहायचं. डोळ्यांनी बघून लिहिणारा असा थांबत नाही. ऐकून लिहिणारा थांबतो.

ऐकू काहीच येत नव्हतं. नळ, पाकोळ्या, घोडीचा श्वास.

झाल्यावर कागद उजेडाला धरला. उजवी बाजू खांद्यापर्यंत भरली होती. मानेवर दोन भोवरे, एक वर वळलेला, एक खाली. खांद्यावर लाल पेन्सिलनं काढलेलं छोटं वर्तुळ.

वळसा घालून गेले. मानेवर दोन भोवरे. खांद्यावर जुन्या जखमेच्या जागी पांढरे केस उगवलेले, नाण्याएवढे.

जवळच्या व्होरू गावच्या डॉक्टरीणबाईंनी हिवाळ्यात मला सांगितलं होतं, पहिलं वर्ष असंच जातं. काम केलेलं आठवत नाही, न केलेलं केल्यासारखं वाटतं. चूल बंद केली का ते दोनदा बघत जा. म्हणजे मी उठून पलीकडे जाऊन आले असणार आणि विसरले असणार. हे उत्तर वाईट नव्हतं. माझ्या वयाच्या बाईला ते पटवून घेता येतं.

फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. वर्तुळ लाल होतं. गेल्या वसंतात त्या पलीकडच्या आवाजानं चार घोड्यांत एकदाही लाल पेन्सिल उचलायला लावली नव्हती. आता त्याला पांढरं दिसत होतं.

असा विचार मी केला, आणि तो विचार करणारी मीच होते याचं मला घरी येईपर्यंत आश्चर्य वाटत राहिलं.

५

तिसरा घोडा टोनूचा. माझा माजी विद्यार्थी. आता त्याला टक्कल आहे. मी त्याच्याकडून दाताळं मागून घेतलं आणि घोडा बांधला होता त्याच्याभोवतीची वाळू सगळीकडून सारखी ओढली.

"बाई, हे काय? फुलांचा वाफा करताय का माझ्या घोड्याभोवती?"

"पाऊल उमटलं तर दिसावं म्हणून."

"कुणाचं?"

"माझं."

त्यानं माझ्याकडे शाळेत बघायचा तसं बघितलं, उत्तर येत नसताना. मग म्हणाला, "कॉफी ठेवतो," आणि घरात गेला.

या वेळी ऐकू आलं. शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असावा तसं. शब्द कळत नाहीत, पण कोण बोलतंय ते कळतं. तो घसा साफ करायचा आधी, दोनदा. ते कळलं. मी मान वर केली नाही. लिहीत गेले, थांबत गेले, लिहीत गेले. आवाज एका जागी राहत नव्हता. घोड्याच्या तोंडाकडून हळूहळू शेपटीकडे सरकत होता, आणि निम्म्यावर आल्यावर थांबला.

बराच वेळ बसून राहिले. मग उठून वाळू बघितली. डावीकडे माझी पावलं. घोड्याच्या मागे वाळू जशीच्या तशी, दाताळ्याच्या रेघांसकट. मी पलीकडे गेलेली नव्हते. आणि उजव्या बाजूलाही वाळूत काही नव्हतं, एक खळगासुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंचं उत्तर गेलं होतं, आणि त्याच्या जागी दुसरं आलेलं नव्हतं.

पण मे महिन्यात घोड्यांचे हिवाळी केस गळतात. अंग धुरकट, विस्कटलेलं असतं. त्या विस्कटलेल्या केसांत एक गुळगुळीत पट्टा होता. तळहाताएवढा रुंद. कानाच्या मुळापासून मानेवरून, खांद्यावरून, शेवटच्या बरगडीपर्यंत, तिथून पुढच्या पायावर, आणि तिथे संपलेला. मी त्यावर हात ठेवला. घोड्याचं अंग गरम असतंच. त्यावरून काही ठरवता येत नाही.

गाडीत बसल्यावर मी तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. ऊनोकडे डोकं. तबेल्यात मान आणि खांदा. इथे बरगड्या आणि पुढचा पाय. क्रम मोडलेला नव्हता.

आता एकच घोडी राहिली होती. मांडी, मागचा पाय, आणि मग तो मागून वळसा घालून माझ्या बाजूला यायचा.

६

हेल्यु मावशींकडे जायचं मी तीन आठवडे पुढे ढकललं. आधी पाऊस, मग गवत कापायचं होतं, मग गाडीचा पट्टा. जून अर्धा संपला. गेले त्या दिवशी सकाळी केस धुतले आणि निळा स्वेटर घातला. उकडत होतं. वाटेत स्वेटरकडे लक्ष गेलं आणि कळलं की मी कुणासाठी तयार होऊन निघाले आहे.

"आलीस. मला वाटलं माझ्या शंभराव्या वाढदिवसाला येतेस," मावशी म्हणाल्या. त्या एक्याऐंशीच्या आहेत. "बघ, काय झालंय ते."

सिरेल कुंपणाशी उभी होती, तांबूस करडी, पाठ एखाद्या पलंगाएवढी रुंद. तिच्या पोटाखाली तीन आठवड्यांचं शिंगरू, मादी, पाय कुठे ठेवायचे ते अजून न ठरलेलं.

"त्या ओळीतली ही शेवटची," मावशी म्हणाल्या. "हिच्या मावशा गेल्या, बहीण गेली. आई वहीत नसेल तर पोरगी चढणार नाही, खरं ना?"

"खरं."

"मग नीट काढ. हे पिल्लू वहीत चढलेलं बघायचंय मला. पुढचं तुम्ही बघा." त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "जेवतेस की नुसता वास घेतेस? वाम्बोला तीन तीन तुकडे खायचा रुबार्बच्या केकचे. ओव्हनमध्ये आहे. झालं की हाक मारते. घोडी धरू का?"

"नको, मावशी."

"धरायला नकोच. बघ कशी उभी आहे. कुणी पाठ खाजवत असल्यासारखी."

त्या आत गेल्या. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती; भांड्यांचा आवाज येत होता. भर दुपार, स्वच्छ ऊन, कुंपणाशी लिलाकच्या झुडपांची जांभळी फुलं संपत आलेली. भीती वाटायला तिथे काही नव्हतं.

मी डावीकडे बसले. दावंसुद्धा बांधलं नव्हतं. डावी बाजू काढली, समोरचं डोकं काढलं. मग पेन्सिल उचलून धरली.

घसा साफ केल्याचा आवाज आला. दोनदा.

"कान," तो म्हणाला. "मुळाशी एक. गाल, कोरा."

आवाज त्याचाच होता. आजारपणातला नव्हे, त्याच्या आधीचा, भरलेला. मी लिहिलं.

"मान. मधोमध एक भोवरा, त्याच्याखाली दुसरा. खांदा कोरा. बरगड्या, थांब," आणि त्याचा तो नेहमीचा छोटा हुंकार, "पांढरे केस, विखुरलेले, मूठभर."

लिहिलं. सिरेलनं उसासा टाकला आणि पलीकडे किंचित रेलली. घोडा माणसावर रेलतो तशी, पलीकडे माणूस असला की. नसता तर तिचा तोल गेला असता.

"पुढचा पाय. खुराच्या वर दोन बोटं पांढरं."

शिंगरू दूध प्यायला पोटाखाली शिरलं. मी कागदावरून नजर उचलायची नाही असं ठरवलं होतं. पण पिल्लू धडपडलं, त्याचा पाय स्टुलाला लागला, आणि मी खाली बघितलं.

सिरेलच्या पोटाखालून पलीकडचं गवत दिसत होतं. गवतात दोन बूट होते. कामाचे हिरवे रबरी नव्हेत. काळे, नाडीचे, चामड्याचे. ते मीच व्होरूच्या दुकानातून नोव्हेंबरमध्ये आणले होते. दुकानदारानं विचारलं होतं, घालून बघायला येणार का. मी म्हणाले होते, नाही, माप मला माहीत आहे. रात्रीच्या पावसानं गवत ओलं होतं. बूट कोरडे होते.

शिंगरानं मान लांब करून एका बुटाचा वास घेतला. मग निवांत दूध प्यायला लागलं.

"मांडी," तो म्हणाला. आवाज सिरेलच्या मागच्या अंगाशी आला होता. "एक भोवरा. खाली वळलेला."

फुली काढली.

बूट हलले. एक मागच्या पायाजवळ गेला, दुसरा त्याच्या शेजारी. वाकल्यावर त्याचा गुडघा वाजायचा, तो वाजला. सिरेलनं मागचा उजवा पाय उचलून दिला.

सबंध हिवाळा मी दुसरं काही मागितलं नव्हतं. खांद्यावर तो हात, आणि ते तीन शब्द. आता एक पाय राहिला होता. तो सांगेल, मी लिहीन, आणि तो मागून वळसा घालून येईल. मला एवढंच माहीत नव्हतं की त्या बुटांच्या वर काय येईल. आणि पान बघून झाल्यावर, सही झाल्यावर, तो पूर्वी लगेच पुढच्या घोड्याकडे निघायचा. पुढचा घोडा नव्हता.

"मागचा," तो म्हणाला, "उजवा."

"थांब," मी म्हणाले.

तो थांबला. आयुष्यभर मी थांब म्हटलं की तो थांबत आलेला आहे.

पाटी उचलली, स्टूल तिथेच सोडलं, आणि मागे न बघता स्वयंपाकघरात गेले. केक ओव्हनमधून निघाला होता. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, एक तुकडा कापला आणि पुढे सरकवला. मी तो सगळा खाल्ला.

७

"तीन पानं मिळाली," क्रिस्ता फोनवर म्हणाली. "सुरेख आहेत. मालकांनी पुन्हा जुळवून पाहिली, केसाचाही फरक नाही. तुम्ही एकट्यानं कसं केलंत हे?"

"केलं."

"सिरेलचं पान?"

"एक पाय राहिलाय."

"एवढंच? मग मी हेल्युंना विचारून घेते पायावर काय आहे ते. तुम्ही भरा आणि सही करून पाठवा."

"मी जाऊन येते."

"मारेत, आज वीस तारीख आहे. तेवीसला वही बंद होते."

"माहीत आहे."

मावशींचा फोन त्याच संध्याकाळी आला. त्या फोन फार करत नाहीत. त्यांना वाटतं, लांबचं बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं.

"पोरी, घोडीला काय करून गेलीस?"

"का?"

"रोज दुपारी कुंपणाशी जाऊन उभी राहते. उजवं अंग झुडपांकडे. मागचा पाय वर धरून. कुणी हातावर घेतल्यासारखा. तासभर. ओट्सची बादली वाजवली तरी येत नाही. पाय बघितला मी, दुखत नाहीये."

मी टेबलावरचं पान पालथं घातलं.

"पायावर काय आहे ते सांगू का तुला? माझे डोळे शाबूत आहेत अजून."

"नका सांगू, मावशी."

या वेळी त्या ओरडल्या नाहीत, साध्या आवाजात बोलल्या.

"माझ्या ऑगुस्तला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मला कुणी एक हाक मारली नाही. मारली असती तर मीही अशीच बसले असते, तुझ्यासारखी. म्हणून रागावत नाहीये. पण माझी घोडी तुझ्या दुःखाला बांधून ठेवू नकोस, मारेत. तिचं पिल्लू आहे."

"येते मी. उद्या येते."

"ये. स्टूल तसंच आहे. हलवलेलं नाही."

ते परवा झालं. काल गेले नाही. आज बावीस जून. गावाबाहेरच्या टेकडीवर लोक उद्याच्या शेकोटीसाठी फांद्या रचत आहेत, त्यांच्या बोलण्याचा आवाज इथवर येतो. गाडीची किल्ली टेबलावर आहे. पानावर उजवी बाजू कानापासून मांडीपर्यंत भरलेली आहे, माझ्या हातची, बिनचूक. भरदुपार होत आली. सिरेल आता कुंपणाशी गेली असेल आणि तिचा पाय धरून तो वाकलेला असेल. गुडघ्याचा त्याला त्रास होता.

मागचा उजवा पाय मी अजून लिहिलेला नाही.